जुन्या कागदी कटिंगवरून (नमुन्यावरून) झंपर, म्हणजे ब्लाउज

जुना कागद घडीवर तुटतो. कोमट, बिनवाफेच्या इस्त्रीने सपाट करून खाकी कागदावर उतरवा. बऱ्याच जुन्या कटिंगांत माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड) धरलेली नसते, आधी टेपने मोजा.

34 ची छाती 36 करताना पुढच्या आणि मागच्या भागाच्या मिळून चारही बगलेकडच्या कडांना अर्धा-अर्धा इंच वाढवा. बाहीच्या दोन्ही कडांनाही तेवढंच, नाहीतर ती मुंढ्याला (बाही जोडायच्या गोलाईला) पुरत नाही.

टू-बाय-टूचं (पातळ सुती कापडाचं) अस्तर रात्रभर भिजवूनच कापा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सिंथेटिक अंगाला चिकटतं. संभाजीनगरचं हिमरू (तिथलं नक्षीदार विणीचं कापड) असेल तर माया इंचभर ठेवा, त्याच्या पाठीला सुटे धागे असतात.

खरी गोची टक्सची, म्हणजे फिटिंगसाठी घातलेल्या निमुळत्या चिमट्यांची. शेवटचे तीन-चार टाके घडीला लागून उतरवा, दोरा हाताने गाठवा. तिथे उलटी टीप मारली की टोकाला फुगा येतो.