लाइव्ह रॉकवरचा एप्टेशिया शेवटी असा गेला

माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) 1.025, तापमान 25-26, बाकी टेस्टही ठीक, तरी लाइव्ह रॉकच्या (सूक्ष्मजीव वसलेला समुद्री दगड) एकाच बाजूचे झोआंथिड (फुलासारखे दिसणारे, कोरलसारखे जीव) कायम मिटलेले. टॉर्च मारून बघितलं तर त्यांना खेटून चॉकलेटी, पारदर्शक देठाचे, लांब टेंटॅकलवाले (सोंडेसारखे धागे) बारके अ‍ॅनिमोन (दगडाला चिकटून राहणारे समुद्री जीव), म्हणजे शेजारच्यांना डंख मारणारा एप्टेशिया, रॉकसोबतच आलेला. खरवडला तर राहिलेल्या तुकड्यांतून परत उगवला, लिंबाचा रस टोचूनही तेच. प्रचंड वैताग आला होता.

चाललं ते हे. आधी वेव्हमेकर, रिटर्न पंप (टाकीतलं पाणी फिरवणारे पंप) सगळं बंद. ग्लोव्हज आणि चष्मा घालून कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओ पाण्यात दह्याइतकं घट्ट कालवायचं, बोथट सुईच्या सिरिंजमध्ये भरायचं, सुई एप्टेशियाच्या तोंडाजवळ न्यायची पण टेकवायची नाही, टेकली की तो लगेच भोकात आत ओढला जातो, मग सावकाश पेस्ट सोडत तोंडासकट पूर्ण झाकून टाकायचा. 15-20 मिनिटांनी पांढरा थर शोषून काढायचा, मगच पंप सुरू. एका वेळी तीन-चारच घ्या, पीएच झपकन चढतो.

फटीतल्या बारक्यांसाठी पेपरमिंट श्रिम्प (एप्टेशिया खाणारी कोळंबी) सोडले. घेताना नीट बघा, तसाच दिसणारा पण पाठीला कुबड असलेला कॅमल श्रिम्प झोआंथिडच खातो.