सेकंडहँड गाडी बघायला पहाटेच जा

पारोळ्याला माझं टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. गाड्या मी विकत नाही. जुनी गाडी घेतलेला माणूस आठ-पंधरा दिवसांनी जे घ्यायला येतो, ते विकतो. त्यामुळे कोण फसला आणि कितीला फसला, हे मला त्याच्या घरच्यांच्या आधी कळतं.

मागच्या मे महिन्यात बहिणीचा फोन आला. भाच्याला जळगावला कॉलेजला जायचं होतं, लायसन नुकतंच हातात आलेलं. "नवी नको, दादा. काय पडायचं ते जुनीवर पडू दे," असं तिचं म्हणणं. भाच्याला दीडशे सीसीची पाहिजे होती. दुकानासमोर एका गिऱ्हाइकाची तशीच गाडी उभी होती. म्हटलं, ही मेन स्टँडला लावून दाखव. तीनदा झटला, चौथ्यांदा गाडी त्याच्याच अंगावर कलली. मग आपणच म्हणाला, "मामा, स्प्लेंडर बघू."

नवशिक्याचा पहिला हिशोब वजनाचा. स्प्लेंडर प्लस ११२ किलोच्या आसपास, सीट ७८५ मिलिमीटर. मध्यम उंचीच्या पोराचे पाय जमिनीला टेकतात. दीडशेची गाडी तीस-पस्तीस किलो जास्त भरते. रस्त्यावर ते जाणवत नाही, पावसाळ्यात शेतरस्त्याच्या काळ्या मातीत वळवताना जाणवतं. कंपनी कोणती याचा फार घोळ घालू नका; शाइन, प्लॅटिना, एचएफ डिलक्स, तुमच्या गावच्या मिस्तरीचा हात जिच्यावर बसलाय ती घ्या. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नवा नियम आला आणि यातल्या बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. ते बिघडलं तर खेड्यातला मिस्तरी हात वर करतो. पण एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीत एक फायदा आहे: १२५ सीसीपर्यंत सीबीएस सक्तीचं झालं, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. शिकाऊ माणूस घाबरला की नुसता पाय दाबतो, म्हणून बजेट पुरत असेल तर मी तिकडे झुकेन.

आता पहाटेचं. एरंडोलकडच्या एका गावात २०१४ ची स्प्लेंडर होती, बत्तीस हजार सांगितलेले. मालक म्हणे, दुपारी या. मी म्हटलं, सकाळी सहाला येतो, तोवर गाडी चालू करू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी उन्हातलं इंजिन नुसतं उभं राहूनही हाताला चटका देतं. ते मुद्दाम तापवून ठेवलंय की उन्हानं तापलंय, कळत नाही. आणि तापलेलं इंजिन कसलंही असलं तरी एका किकमध्ये उठतं. खरं दुखणं थंड इंजिनात दिसतं.

सहाला पोचलो, इंजिनाला हात लावला, तर गरम. "आत्ताच दूध घालून आलो. गाडी एकदम चांगली शे, भाऊ." त्या एका वाक्यात मला सगळं मिळालं. दुधाची गाडी म्हणजे दोन्हीकडे मोठाले कॅन, रोज दोन फेऱ्या. खाली वाकून बघितलं तर साइड पॅनेलवर कॅन घासल्याचे पट्टे, कॅरिअरला दोन ठिकाणी वेल्डिंग, मागचे शॉकअब, म्हणजे धक्के झेलणारे स्प्रिंगचे दांडे, बसलेले. मीटरवर अठ्ठावीस हजार किलोमीटर, आणि ब्रेकच्या पायडलवरच्या रेघा पार गुळगुळीत. मीटर बदलता येतं. पायडल, फूटरेस्टचे रबर आणि हँडलच्या मुठी बदलायचं सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. मीटर सोडा, ते बघा.

तरी भाच्याला शिकवायचं म्हणून मी गाडी चालू करायला लावली. ॲक्सिलेटर दिल्यावर निळसर धूर सुटला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रिंग-पिस्टन गेलेले. काळा असता तर कार्बोरेटरच्या सेटिंगवर भागलं असतं. इंजिनाच्या डोक्यातल्या टॅपेटची बारीक टिकटिक असली तरी चालते. खालून जड ठकठक येत असेल तर पुढे काहीच बघू नका, नमस्कार करून निघा. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा. मध्येच अडकल्यासारखं झालं की कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. चेन मागच्या स्पॉकेटवरून बोटानं ओढून बघा, आणि दाते एका बाजूला वाकलेले दिसले तर चेन आणि दोन्ही स्पॉकेटचं पूर्ण किट बदलायला आलं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी आपल्या उन्हात जुन्या रबराला भेगा पडतात.

हे सगळं मी पाकिटाच्या पाठीवर लिहीत होतो, माझ्या काउंटरच्या भावानं: मागचा टायर, चेन किट, कोनसेट, शॉकअब, बॅटरी, इंजिनाचं काम, मजुरी. बेरीज साडेतेरा हजारांच्या घरात गेली. बत्तीसमधून ती वजा केली आणि मालकाला आकडा सांगितला. त्यानं चहाही विचारला नाही.

कागदांची मात्र अशी वजाबाकी होत नाही. हे मी स्वतः ठेचकाळून शिकलो. पूर्वी माझी एक जुनी गाडी दलालाला दिली, नाव बदलायच्या कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून. नाव बदललंच नाही. दोन वर्षांनी त्या गाडीच्या अपघाताची नोटीस माझ्या दारात. सुप्रीम कोर्टानंही २०१८ मध्ये सांगितलंय की आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, ज्याचं नाव, तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून आरसीवरचं नाव आणि समोरचा माणूस एकच आहे का बघा, चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः ताडून पाहा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, थकलेली ई-चलनं, विमा, पीयूसी, सगळं आधी. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबरप्लेट, बसलेली हवी. नोंदणी १५ वर्षांची असते, तिचीही वर्षं मोजा. संपली की फिटनेस आणि पर्यावरण कर तुमच्या माथी. सुरतेहून किंवा बऱ्हाणपूरकडून आलेली गाडी स्वस्त दिसते, पण तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इकडचा रोड टॅक्स मिळवला की स्वस्ताई उरत नाही.

शेवटी अमळनेरला एका निवृत्त गुरुजींची २०१६ ची मिळाली. पहाटे सहाला इंजिन थंडगार, चोक ओढून तिसऱ्या किकला उठली, धूर नाही. फक्त टायर आणि बॅटरी निघाली, सव्वीसला ठरलं. नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर समोरासमोर सह्या, डिलिव्हरीच्या चिठ्ठीवर तारखेसोबत वेळही लिहिली. दोन हजार मी रोखून धरले, परिवहनच्या ॲपवर भाच्याचं नाव दिसल्यावर देईन म्हणून. गुरुजींना ते आवडलं नाही. म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हटलं, आहे, म्हणून तर चोवीस आत्ता देतोय. नाव चढलं त्या संध्याकाळी भाचा त्याच गाडीवर दोन हजार द्यायला गेला, आणि गुरुजींनी त्याला आधी हेल्मेट कुठंय ते विचारलं.