कोटेशन खालून वर वाचा: गेमिंग पीसीचे पार्ट निवडताना या चुका टाळा

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्या व्हॉट्सॲपवर दुकानांची कोटेशनं यायला लागतात. भाचा, भाच्याचा मित्र, सोसायटीतल्या कुणाचा तरी मुलगा. "मावशी, एवढं बघून सांग ना, उद्या ॲडव्हान्स द्यायचाय." कागदावर सगळ्यात वर प्रोसेसर, त्याखाली ग्राफिक्स कार्ड, आणि तळाला एक ओळ: "गेमिंग कॅबिनेट आरजीबी, एसएमपीएससह". एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा; त्याची कंपनी नाही, मॉडेल नाही. मी वाचायला सुरुवात करते ती या ओळीपासून. वरच्या ओळींचा मुलांनी महिनाभर व्हिडिओ बघून अभ्यास केलेला असतो आणि दुकानदारालाही ते ठाऊक असतं. काटछाट होते ती जिथे कुणाचं लक्ष नाही तिथे.

तळाची ओळ

फुकटच्या एसएमपीएसनं मला एकदा चांगलंच नाचवलंय. धाकट्या भावाचं पहिलं गेमिंग मशीन आम्ही दोघांनी घरी जोडलं. विंडोज झकास चालायचं, सिनेमे चालायचे, पण गेम सुरू करून पाच मिनिटं झाली की मशीन धाडकन रीस्टार्ट. ड्रायव्हर बदलले. विंडोज दोनदा नव्यानं टाकलं. रॅम खोडरबरनं पुसली, कारण आपल्याकडे प्रत्येक दुखण्यावर पहिला उपाय तोच. आठवड्यानं भावाच्या मित्राच्या मशीनमधला एसएमपीएस काढून लावला आणि रीस्टार्ट बंद. मग कुठे आम्ही जुन्या डब्यावरचं लेबल वाचलं. मोठ्या अक्षरांत ५०० वॉट, आणि खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ ॲम्पिअर. अठरा गुणिले बारा, २१६ वॉट! आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच ओढतात. ३.३ आणि ५ व्होल्टचे आकडे त्या डब्यावर फक्त बेरीज फुगवायला होते.

म्हणून एसएमपीएस वेगळा घ्या, नाव-मॉडेलसह, आणि त्या १२ व्होल्टच्या रकान्याचा गुणाकार करूनच घ्या. तो एकूण वॉटच्या जवळपास यायला हवा. "८० प्लस"चा शिक्का बघावा, पण तो काय सांगतो तेही समजून घ्यावं: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज वाया न जाता आत पोचते, एवढंच. आतले कपॅसिटर टिकाऊ आहेत का, शॉर्ट झाल्यावर डबा स्वतःहून बंद पडेल का, हे त्या शिक्क्यात येत नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षं बघते मी. पाच वर्षं किंवा जास्त देणारी कंपनी आत भंगार घालायला कचरते.

किती वॉट लागतात? मुलं लागतात त्यापेक्षा कमी सांगतात किंवा एकदम हजारावर जातात. आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड ११५ वॉटचं आहे, इंटेलचा आय५-१२४००एफ किंवा एएमडीचा रायझन ५ ५६०० हे ६५ वॉटच्या गटातले प्रोसेसर. अशा जोडीला चांगल्या बनावटीचा ५५० वॉटचा डबा भरपूर झाला. २०० वॉटच्या आरटीएक्स ४०७० साठी कंपनीच ६५० सांगते. मशीनची गरज आणि डब्याची ताकद यांच्यातली ही मधली जागा वाया जात नाही. कार्ड सरासरी २०० वॉट घेत असलं तरी मिलिसेकंदापुरतं त्याहून बरंच जास्त मागतं, आणि हलका एसएमपीएस नेमका त्याच क्षणी मान टाकतो. "गेम सुरू झाला की रीस्टार्ट" हे दुखणं बहुतेक वेळा तिथलंच.

आणखी एक चूक महागात जाते. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल सुटून येतात. नवा डबा आणला की पोरं म्हणतात, जुन्या केबल आधीच छान बांधल्यात, त्याच राहू देत. नका राहू देऊ. केबलचं पार्टकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनवर किती व्होल्ट याचं काही ठरलेलं नाही, प्रत्येक कंपनीची रचना आपापली. केबल बरोब्बर बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन एसएसडी-हार्डडिस्क जळते. फोटोंसकट.

डब्याच्या मागे भिंतीतलं सॉकेटही येतं, ते कुठल्याच कोटेशनमध्ये नसतं. जुन्या वाड्यांत, चाळींत, भाड्याच्या खोल्यांत तिसऱ्या पिनच्या भोकामागे कधी कधी वायरच नसते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात ना, ते "थोडं करंट मारतं" म्हणून सोडून देऊ नका. एसएमपीएसच्या फिल्टरमधून होणारी बारीकशी गळती अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी; ती वाट नसली की पत्रा तिला धरून बसतो. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या ॲडाप्टरमध्ये खुपसणं हा त्यावरचा उपाय नाही, इलेक्ट्रिशियन बोलावणं हा आहे. आणि घरातला ६०० व्हीएचा यूपीएस? तो साधारण ३६० वॉट देतो. मॉनिटरसकट गेम ४०० वॉट ओढत असला तर वीज जाताच यूपीएस टूं करून सगळंच बंद करतो. वायफाय राउटरला लावा तो.

काचेचं कॅबिनेट आणि मे महिना

समोरून अख्खी काच, तिच्यामागे तीन रंगीत पंखे. दिसतं सुंदर, पण पंख्यांना हवा कुठून मिळणार? बाजूला बोटभर फट असते, तीही धुळीनं भरते. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली २५ अंशांवर असताना जो प्रोसेसर ७५ वर खेळतो, तोच ४० अंशांच्या खोलीत नव्वदीच्या आसपास जातो. परदेशातल्या एसी खोलीत केलेली चाचणी पुण्यात डिसेंबरमध्ये लागू पडेल. चंद्रपूर-अकोल्यात मे महिन्यात नाही. जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट घ्या, दोन पंखे पुढून आत, एक मागून बाहेर. रंग हवे असतील तर मागे एलईडी पट्टी चिकटवा, माझी हरकत नाही.

मापंही बघा. कॅबिनेटच्या माहितीत कार्डाची कमाल लांबी आणि कूलरची कमाल उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते. तीन पंख्यांची कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात. टॉवर कूलर १५५-१६० मिलिमीटरचे असतात, आणि काच बंद होत नाही हे रात्री अकरा वाजता कळतं.

"४ जीबी ग्राफिक्स कार्ड"

हे चार शब्द ज्या कोटेशनमध्ये असतील ते मी सरळ परत पाठवते. कुठलं कार्ड? २०१४ सालचं जीटी ७३० सुद्धा ४ जीबीचं मिळतं. त्याच्यावर जुनी, संथ डीडीआर३ मेमरी असते आणि आजचे गेम त्याच्यावर उघडले तरी नशीब. जीबी म्हणजे गोदामाचा आकार, कामगार किती आणि रस्ता किती रुंद ते वेगळंच.

नावांतही फसगत आहे. आरटीएक्स ३०५० आठ जीबी आणि आरटीएक्स ३०५० सहा जीबी यांत फक्त दोन जीबींचा फरक वाटतो ना? आठवाल्यात २५६० कोअर (म्हणजे ते कामगार) आणि १२८ बिटचा मेमरी मार्ग आहे, सहावाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिटचा. दोन वेगळी कार्डं, नाव एकच. बिलावर पूर्ण नाव लिहून घ्या ते यासाठी.

आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाची गंमत वेगळी. कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणारा रस्ता म्हणजे पीसीआयई, आणि या कार्डाला त्याच्या चारच लेन आहेत. चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते निभावतं, तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर रस्ता अर्धा होतो आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम गचके खातो. जुन्या मशीनला "स्वस्तातलं नवं कार्ड" म्हणून ते हमखास सुचवलं जातं, नेमकं जिथे ते घेऊ नये तिथे.

जुनं कार्ड घेणं वाईट नाही. मायनिंगचं, म्हणजे आभासी चलन कमवायला राबवलेलं कार्ड म्हणजे विष असंही मी मानत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर बाजारात आलेली कितीतरी कार्डं अजून धावताहेत. मात्र अर्धा तास गेम चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि पंख्याला आवाज असेल तर तेवढे कापून घ्या.

प्रोसेसर, बोर्ड, रॅम: एकत्रच ठरवा

"आय७ आहे, आणि इतक्या स्वस्तात!" आय७-२६०० हा २०११ चा, आय७-३७७० हा २०१२ चा. २०२२ सालचा आय३-१२१०० गेममध्ये दोघांना आरामात मागे टाकतो. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. व्हॅलोरंट हा गेम तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी मागतो. भाच्याला खेळायचंय व्हॅलोरंटच, तर मग त्या आय७ चं करायचं काय?

इंटेलच्या नावामागे "एफ" असेल तर आत ग्राफिक्स नाही. कार्ड "पुढच्या महिन्यात" घ्यायचं असेल तर तोवर स्क्रीन काळीच राहणार. उलट बाजूनं, "आत्ता आतलं ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जी घेतो, कार्ड नंतर टाकतो" ही योजना चांगली वाटते, पण साध्या ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी) आहे आणि ५६००जी मध्ये १६, शिवाय तो पीसीआयई तिसऱ्याच पिढीचा. सहा महिन्यांत कार्ड नक्की येणार असेल तर थांबा आणि ५६०० घ्या.

सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, जुळलं म्हणजे जमलं असंही नाही. दुकानात पडून राहिलेल्या बी६५० बोर्डावर रायझन ९००० मालिका बसते, पण जुनं बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) तिला ओळखत नाही. एच६१० बोर्डावर इंटेलच्या चौदाव्या पिढीचंही तेच. ज्या बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅश करायचं बटण आहे तो थोडा महाग पडला तरी घ्यावा. नुसता एसएमपीएस आणि पेनड्राइव्ह लावून, प्रोसेसरशिवायही बायोस बदलता येतं. तेराव्या-चौदाव्या पिढीचे मोठे इंटेल प्रोसेसर घेणाऱ्यांनी तर बायोस ताजं करूनच मशीन वापरात घ्यावं. जादा व्होल्टेजनं ते खराब होत असल्याचं कंपनीनं २०२४ मध्ये मान्य केलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. सेकंडहँड मिळाला तर तो कसा वापरला गेला हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून मी तरी नकोच म्हणते.

रॅमबद्दल थोडक्यात. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, दाबून बसत नाही, दाबू नका. १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी आठच्या दोन घ्या, डीडीआर४ मध्ये तर नक्कीच. आणि ५६००जी सारख्या आतल्या ग्राफिक्सवर खेळणार असाल तर एका पट्टीवर फ्रेम फारच पडतात. बोर्डावर रॅमच्या चार जागा असतील तर पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या जागी.

जोडून झालं, आता बोंब

स्क्रीनवर काही येत नाही. एचडीएमआय कुठे लावलीय? बोर्डावर नको, खालच्या कार्डावर हवी. मी फोनवर सोडवलेल्या तक्रारींत हिचा नंबर पहिला. मग बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला प्रोसेसरचा आठ पिनचा प्लग बघा. चोवीस पिनचा मोठा लावला की हा हमखास विसरतो, आणि पंखे फिरत असल्यानं सगळं ठीक वाटतं. त्यानंतर रॅम एकच ठेवून पाहा.

गेम अडखळतो. प्रोसेसरचं तापमान शंभरीला टेकत असेल तर कूलर काढा. तळाचं पारदर्शक प्लास्टिक तसंच राहिलेलं मी दोनदा पाहिलंय, एकदा स्वतः ठेवलेलं. तापमान ठीक असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग, चालू आहे का पाहा. ३२०० ची डीडीआर४ रॅम ते चालू केल्याशिवाय २१३३ किंवा २४०० वरच धावते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊनही फरक वाटत नाही? विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो अजून ६० वर असेल.

आणि डीडीआर५ वाल्या नव्या एएमडी बोर्डावर पहिल्यांदा बटण दाबलं की काही मिनिटं नुसती काळी स्क्रीन असते. मशीन रॅमची जुळवाजुळव करत असतं. भाच्यानं गेल्या वेळी घाबरून तीनदा बटण दाबून बंद केलं, आणि दर वेळी ते पहिल्यापासून सुरू झालं. चौथ्यांदा त्याला फोनवर सांगितलं, बटण दाब आणि आईला चहा ठेवायला मदत कर. चहा गाळायच्या आत बायोस समोर होतं.