नाशिकहून समुद्रात सेलिंगला जाताय? अंगावर काय, बॅगेत काय

मंडळी, थंडीत मुंबई ते गोवा सेलबोटीने जायचा प्लॅन आपल्याकडच्या बऱ्याच ट्रेकिंग ग्रुपमध्ये शिजतोय, आणि पहिला प्रश्न ठरलेला, जॅकेट कुठलं घेऊ. माझं स्पष्ट मत आहे की जॅकेटचं नंतर बघा, आधी लाइफजॅकेट आणि टेदर (तुम्हाला बोटीला बांधून ठेवणारा पट्टा), पैसे तिथे घाला आणि उरतील त्यात बाकीचं बसवा.

गंगापूर धरणावर बोटिंगला देतात तसलं फोमचं जाड जॅकेट रात्रभर घालून दोर ओढता येत नाहीत, सेलिंगला लागतं ते फुगणारं, किमान १५० न्यूटनचं (ही त्याची तरंगवून धरायची ताकद), ज्यात हार्नेस शिवलेलाच असतो. पाण्यात पडल्यावर आपोआप फुगणाऱ्यांत दोन प्रकार येतात, एकात पाण्यात विरघळणारी गोळी असते आणि दुसरं पाण्याच्या दाबावर उघडतं, डेकवर सतत शिंतोडे उडतात त्यामुळे गोळीवालं कधीकधी उगाच फुगतं, म्हणून जमलं तर दाबावरचं घ्या आणि कुठलंही घेतलं तरी त्याचं स्पेअर किट, म्हणजे फुगवणारा गॅस सिलिंडर वगैरे, सोबत ठेवा. मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच हवा, तो नसेल तर फुगलेलं जॅकेट वर सरकून डोक्यातून निघायला बघतं आणि माणूस खाली राहतो. शिट्टी, लाइट, आणि लाटांचं पाणी तोंडात जाऊ नये म्हणून तोंडावर ओढायचा पारदर्शक हूड, हे तिन्ही आहेत का बघा.

जॅकेट स्वतःचं असो की कुणाकडून आणलेलं, निघायच्या आठवडाभर आधी घरी उघडा. गॅसचा सिलिंडर फिरवून काढा, त्यावर किमान वजन ठोकलेलं असतं, किचनच्या डिजिटल काट्यावर ठेवून ते जुळतंय का बघा, कमी भरलं तर तो बाद. गंज आहे का तेही बघा. मग तोंडाने नळीतून फुगवून रात्रभर पलंगावर टाकून द्या, सकाळी मऊ पडलेलं दिसलं तर कुठेतरी लीक आहे. परत बसवताना सिलिंडर हाताने घट्ट आवळा, बोटीच्या हादऱ्यांनी तो सैल होतो, त्यामुळे प्रवासातही रोज एकदा हात लावून बघायचं.

टेदरमध्ये साधारण एक मीटरचा आखूड आणि दोन मीटरचा लांब असे दोन्ही फाटे असलेला घ्या. शक्य असेल तिथे आखूडच वापरायचा, कारण लांब फाट्यावर माणूस कठड्याबाहेर पडून बोटीबरोबर पाण्यातून फरफटत जाऊ शकतो. ट्रेकचं कॅराबिनर चालेल का असं विचारू नका, नाही चालत, चुकून उघडणार नाही असा सेलिंगचा सेफ्टी हुकच हवा आणि छातीकडचं टोक ताण असतानाही सोडता यायला हवं. हुक कुठे अडकवतो हेही तितकंच महत्त्वाचं, २०१७ च्या क्लिपर रेसमध्ये एका सेलरच्या टेदरचा हुक डेकवरच्या क्लीटखाली (दोर अडकवायची खुंटी) अडकला, आडवा ताण येऊन वाकला आणि सुटला, त्यात तो सेलर गेला. केबिनमधून बाहेर पाय टाकायच्या आधी हुक लागलेला पाहिजे, रात्री तर विचारायचंच नाही.

आता कपडे. कॉटन आणि जीन्स घरीच ठेवा, खाऱ्या पाण्याने भिजलेलं कॉटन मीठ ओलावा धरून ठेवत असल्याने नीट वाळतच नाही आणि अंगाला घासून सालटं काढतं. हरिहर-कळसूबाईला घालता ते फुल बाह्यांचे ड्रायफिट टीशर्ट उत्तम, त्यावर पातळ फ्लीस. आपण म्हणतो निफाडची थंडी काढणाऱ्यांना कोकणच्या समुद्राचं काय, आणि पाणी उबदार असतं हे खरंच आहे, पण रात्री ओल्या कपड्यांवर वारा लागत तासन् तास बसलं की दातावर दात वाजतात. सगळ्यात वर वॉटरप्रूफ जॅकेट, उंच कॉलर आणि मनगटाला घट्ट बसणारं, आणि छातीपर्यंत येणारी डांगरीसारखी पँट, म्हणजे बसल्यावर कमरेतून पाणी शिरत नाही. २०१७-१८ ला नौदलाची तारिणी ही सेलबोट गोव्यातून निघून दक्षिण महासागरातून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, तिथल्यासाठीचं महागडं जाड गिअर तुम्हाला किनाऱ्याजवळच्या या प्रवासाला नको, चांगला ट्रेकिंग रेनसूट या सीझनला पुरतो. स्कूटरचा प्लास्टिकचा मात्र नको, आत घामाने भिजाल आणि पहिल्याच दिवशी कुठेतरी अडकून फाटेल. रंग पिवळा किंवा केशरी, निळा-काळा-पांढरा लाटांत दिसतच नाही.

बूट पुढून बंद आणि डाग न पाडणाऱ्या मऊ सोलचे, फ्लोटर्स घालून डेकवर फिरलात तर क्लीटवर बोट आपटून मोडायला वेळ लागत नाही. अर्ध्या बोटांचे ग्लोव्हज, दोरीने बांधलेली टोपी, पोलराइज्ड गॉगल, चष्मा असेल तर दुसरा जोड. ऊन वरून आणि पाण्यावरून असं दोन्हीकडून लागतं, तेव्हा सनस्क्रीन हनुवटीखाली, नाकाखाली आणि कानांनाही लावा. लाल लाइटवाला हेडलॅम्प घ्या, पांढऱ्या उजेडाने सगळ्यांचेच अंधाराला सरावलेले डोळे जातात.

ट्रॉली बॅग आणू नका, बोटीत ठेवायला जागाच नसते, मऊ ड्रायबॅग घ्या आणि आत प्रत्येक कपड्याचा जोड झिपलॉकमध्ये. निघायच्या आधी स्किपरला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, फोन करून विचारा की बोटीवर लाइफजॅकेट कुठल्या साइजची आहेत, सर्व्हिस कधी झाली, टेदर प्रत्येकाला आहे का आणि ईपर्ब (संकटात उपग्रहामार्फत बोटीची जागा कळवणारं यंत्र) रजिस्टर केलेला आहे का. उत्तर गुळमुळीत आलं तर बोट बदला. घरच्यांना बोटीचं नाव, रूट, पोचायची वेळ आणि कोस्ट गार्डचा १५५४ नंबर लिहून द्या.