चादरीचा फोटो पायथनमध्ये दाखवताना या चुका टाळा

लाल सोलापुरी चादरीचा फोटो प्रोग्रॅममधून उघडला आणि ती निळी दिसली, की अनेक जण मॅटप्लॉटलिब (चित्रं दाखवणारी पायथनची लायब्ररी) काढून पुन्हा इन्स्टॉल करतात. त्याने काहीही बदलत नाही. ओपनसीव्ही (फोटो वाचणारी लायब्ररी) रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने वाचतं, मॅटप्लॉटलिब मात्र ते लाल-हिरवा-निळा समजून दाखवतं. मधला हिरवा जागचा हलत नाही, म्हणून हिरव्या चादरीवर चाचणी घेतली तर चूक लक्षातही येत नाही. ओपनसीव्हीच्या इमरीडने (imread) फोटो वाचला की आधी त्याच्याच सीव्हीटीकलरने (cvtColor) क्रम बदला, मग मॅटप्लॉटलिबच्या इमशोला (imshow) द्या.

फाइलचा पत्ता चुकला तर ओपनसीव्ही प्रोग्रॅम थांबवत नाही, 'नन' (None, म्हणजे काहीच नाही) परत देतं आणि एरर पुढच्याच कुठल्या तरी ओळीवर येते. विंडोजवर फोल्डरचं नाव 'चादर नमुने' असं देवनागरीत असेल, तर पत्ता बरोबर असूनही बऱ्याचदा हेच होतं. नाव इंग्रजी अक्षरांत ठेवणं सर्वांत सोपं. ते शक्य नसेल तर नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या फ्रॉमफाइलने (fromfile) बाइट वाचा आणि ओपनसीव्हीच्या इमडिकोडकडे (imdecode) द्या. काहीही असो, वाचल्याबरोबर शेप (shape, फोटोचा आकार) आणि डीटाइप (dtype, आकड्यांचा प्रकार) प्रिंट करून बघायचंच.

कृष्णधवल फोटो जांभळा-पिवळा दिसतो, कारण 2.0 आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिबचा ठरलेला रंगपट विरिडिस आहे. रंगपट ठरवणारा सीमॅप (cmap) 'ग्रे' (gray) करा. सोबत व्हीमिन (vmin, काळ्याची किंमत) 0 आणि व्हीमॅक्स (vmax, पांढऱ्याची किंमत) 255 द्यायला विसरू नका. नाहीतर प्रत्येक फोटोतला सर्वांत गडद बिंदू काळा आणि सर्वांत फिका पांढरा होतो. मग दोन चादरींच्या छटांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

इन्स्टॉल करूनही 'मॉड्यूल सापडलं नाही' असं येत असेल, तर पिप (लायब्ररी इन्स्टॉल करणारं साधन) एका पायथनचा आणि प्रोग्रॅम दुसऱ्याचा, असा घोळ असतो. व्हेन्व्ह (venv, प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) तयार करून सुरू करा आणि 'पायथन -एम पिप इन्स्टॉल' (python -m pip install) असंच लिहा. स्वतःच्या फाइलला मॅटप्लॉटलिब हे नाव तर कधीच देऊ नका, इम्पोर्ट तीच फाइल उचलतं.

चित्र फाइलमध्ये साठवणारं सेव्हफिग (savefig) नेहमी खिडकी उघडणाऱ्या शोच्या (show) आधी. खिडकी बंद केल्यावर सेव्ह केलं तर कोरं चित्र मिळतं.

शीर्षकात मराठी लिहिलं की चौकोन उमटतात, कारण मूळ फॉन्ट देजावू सान्समध्ये देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरी लावा. त्यानंतर 'सोलापूर' नीट येईल, पण अनेक आवृत्त्यांत 'सिद्धेश्वर'मधली वेलांटी आणि जोडाक्षरं तरीही मोडतात. असं शीर्षक चित्रात न घालता बाहेर, वेब पानावर किंवा वर्डमध्ये लिहिलेलं बरं.