शाळेत रोज दात घासण्याचा उपक्रम कसा सुरू करावा

प्राथमिक शाळेत या उपक्रमासाठी सर्वांत सोयीची वेळ म्हणजे पोषण आहारानंतरची. मुले हात धुण्यासाठी नळावर येतातच, त्याला दहा मिनिटे जोडली की वेगळा तास लागत नाही.

त्याआधी पाण्याची चौकशी करावी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. हा क्षार पेस्टमध्येही असतो; थोडा असला तर दातांना उपयोगी, पण पोटात जास्त गेला तर दात-हाडांना अपायकारक. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल, तर १.५ पर्यंत चालते. ग्रामपंचायतीकडून तपासणीचा अहवाल मागवावा. प्रमाण त्याहून अधिक असेल, तर आधी पिण्याच्या पाण्याची सोय व्हायला हवी आणि पेस्टबाबत दंतवैद्याचे मत घ्यायला हवे.

मग शाळा व्यवस्थापन समितीची संमती घेऊन साहित्य आणावे. पेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइड सुमारे १००० पीपीएम, म्हणजे किलोमागे एक ग्रॅम, असल्याचे वाचूनच ती निवडावी, कारण दंतमंजन आणि सगळ्याच ‘आयुर्वेदिक’ पेस्टमध्ये ते असतेच असे नाही. साखरेवर जगणारे जंतू आम्ल तयार करतात, त्या आम्लाने दातांच्या वरच्या थरातील खनिजे झिरपून जातात, आणि ती पुन्हा भरून येण्यास फ्लोराइड मदत करते. हे काम नुसत्या घासण्याने होत नाही.

प्रत्येक मुलाचा ब्रश मऊ केसांचा व नाव लिहिलेला असावा. ब्रश एकमेकांना लागणार नाहीत असे उभे, उघड्या हवेत आणि स्वच्छतागृहापासून दूर ठेवावेत. पेस्ट शिक्षकांनीच द्यावी, वाटाण्याएवढी, ट्यूबचे तोंड ब्रशला न टेकवता. दोन मिनिटे बाहेरची, आतली आणि चावण्याची बाजू घासून घ्यावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती दुधाचीच समजून दुर्लक्षित राहते आणि लवकर किडते, म्हणून पहिली-दुसरीच्या मुलांचा ब्रश तिथपर्यंत पोहोचतो का, हे स्वतः पाहावे. शेवटी फेस थुंकायला सांगावे, पण खळखळून चुळा भरू देऊ नयेत, कारण त्याने दातांवरचे फ्लोराइड धुऊन जाते.

पालक सभेत दोन गोष्टी आग्रहाने सांगाव्यात. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे रात्री झोपण्यापूर्वी घासणे सकाळपेक्षाही महत्त्वाचे आहे, आणि त्यानंतर बिस्किट किंवा गोड दूध देऊ नये. दुसरी गोष्ट मिश्रीची. ती तंबाखू आहे; घरातल्या मोठ्यांना पाहून मुले ती बोटाला लावतात, हे नाव घेऊन बोलायलाच हवे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येईल, तेव्हा दात दुखणाऱ्या किंवा काळे डाग दिसणाऱ्या मुलांची यादी तयार ठेवावी. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ब्रश व पेस्ट घरी द्यावी. ब्रशचे केस वाकले, की तीन महिन्यांची वाट न पाहता तो बदलावा.