हुकलेला बाण आणि गवतातला साप: उघड्या मैदानावर सराव करणाऱ्यांनी काय करावे

तिरंदाजीच्या मैदानावर नेम धरताना साप चावण्याची शक्यता फार कमी असते. शूटिंग लाइनवरची जमीन रोज पायांखाली तुडवली जाते, तिथे सापाला लपायला काहीच नसते. धोका सुरू होतो तो बाण बट्रेस (लक्ष्याचा कागद लावायचा पेंढ्याचा जाड ठोकळा) चुकवून मागच्या गवतात शिरल्यावर. कार्बनचा बाण महाग असतो, त्यामुळे तो हरवून घरी गेलो तर बोलणी बसतील ही भीती मुलांच्या मनात असते. मग ती वाकून, दोन्ही हातांनी गवत बाजूला करत, दिवेलागणीपर्यंत शोधत राहतात. घोणशीला याहून सोपे लक्ष्य मिळणार नाही.

२०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी कंपाउंड (चाके लावलेल्या धनुष्याच्या) प्रकारात सुवर्णपदके मिळवली. दोघेही महाराष्ट्राचे, दोघांचाही सराव साताऱ्यात झालेला. आपल्याकडे अशी तयारी बंदिस्त स्टेडियमपेक्षा शेताच्या कडेला, माळावर, शाळेच्या मागच्या पडीक जागेत जास्त होते. मोकळ्या जागेत खेळणे चांगलेच आहे. फक्त त्या जागेत आधीपासून कोण राहते, हे माहीत हवे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यातली बहुतेक ग्रामीण भागातली होती. योग्य उपचार वेळेत मिळाले तर यातले कितीतरी मृत्यू टळण्यासारखे असतात.

१. चार साप ओळखून ठेवा

माणसे दगावण्याला मुख्यतः चार साप कारणीभूत असतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

मैदानाच्या दृष्टीने मला सगळ्यात जास्त काळजी घोणशीची वाटते. जाड अंग, पाठीवर गडद गोल ठिपक्यांच्या तीन ओळी, त्रिकोणी डोके. वाळलेल्या गवतात ती दोन हातांवर असली तरी दिसत नाही. माणूस जवळ आला की पळून जाण्यापेक्षा ती जागीच वेटोळे करून बसते आणि कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार सोडते. तो आवाज आला की पुढचे पाऊल टाकायचे नाही. हिवाळ्यात सकाळी ती उन्हासाठी उघड्यावर, कुंपणाच्या कडेला पडलेली असते. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या तोंडाशी तिला पिल्ले होतात. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते आणि पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असते.

फुरसे लहान, बहुतेकदा हात-दीड हाताचे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळसड्यांवर ते दगडाखाली असते. चिडले की अंगाचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करते. आकारावरून त्याला कमी लेखू नका.

नाग फणा काढतो, म्हणून निदान इशारा तरी मिळतो. मण्यार रात्रीची. काळ्या-निळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. दिवसाच्या सरावात ती सहसा भेटत नाही, पण मुक्कामी शिबिरात तीच सर्वांत घातक. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

धामण, पाणदिवड, कवड्या, डुरक्या घोणस हे बिनविषारी साप या चौघांशी हमखास गोंधळले जातात. कवड्याला मण्यार समजले तर बिघडत नाही, पण मण्यारीला कवड्या समजले तर जीव जातो. म्हणून ओळख पटली असे वाटले तरी अंतर तेवढेच ठेवा.

२. मैदान सापाला नकोसे करा

साप येतो उंदरामागे. उंदीर येतो धान्य, खरकटे आणि आडोशासाठी. पेंढ्याचे बट्रेस महिनोन्‌महिने एकाच जागी उभे राहिले की त्याच्या पायाशी उंदीर घर करतात. बट्रेस जमिनीला टेकवू नका, स्टँडवर उचलून ठेवा आणि आठवड्यातून एकदा हलवून खालची जागा बघा. हलवताना हात खालून घालू नका, आधी काठीने ठोका.

लक्ष्यामागचे गवत जितके लांबवर शक्य असेल तितके अगदी बुडाशी कापा. कापलेले गवत कडेला रचून ठेवू नका, तो ढीग म्हणजे नवा आडोसा. घाणेरीची झुडपे, गाजर गवत, दगडांचे ढीग, जुने पत्रे हटवा. वारुळे आणि दगडी बांध मात्र सहसा हटत नाहीत. अशा वेळी मैदानाची दिशाच बदला, म्हणजे हुकलेले बाण तिकडे जाणार नाहीत. शेजारी ऊस असेल तर तोडणीच्या दिवसांत जास्त सावध राहा. फड मोकळा झाला की उंदीर बाहेर पडतात आणि त्यांच्या मागोमाग साप.

३. शोधायची वेळच कमी येऊ द्या

बट्रेसच्या मागे बाण अडवणारी जाळी लावा. हा खर्च जिवावरचा धोका कमी करतो आणि बाणही वाचवतो. क्लबने पहिला पैसा इथे घालावा असे माझे ठाम मत आहे. जाळी परवडत नसेल तर मातीचा उंच बांध घाला आणि त्यावर गवत वाढू देऊ नका.

नवशिक्यांना अंतर हळूहळू वाढवू द्या. ज्याचे ३० मीटरवर सगळे बाण लागत नाहीत, त्याला ५० किंवा ७० मीटरवर उभे करणे म्हणजे त्याला गवतात पाठवणे. नॉक (दोरीत अडकणारी बाणाच्या मागच्या टोकाची खाच) आणि पिसे भडक रंगाची घ्या, हिरवी किंवा तपकिरी नकोत. दर फेरीनंतर बाण मोजा, म्हणजे कमी पडलेला बाण तिथल्या तिथे कळतो.

४. शोधायचेच असेल तर असे शोधा

बाण गोळा करायच्या तीन शिट्ट्या झाल्याशिवाय कोणीही लाइन ओलांडू नये. ज्याचा बाण हुकला त्याने आपल्या जागीच उभे राहून दिशा दाखवावी आणि दुसऱ्याने त्या रेषेत चालत जावे. बाण उडतो त्याच रेषेत गवताखाली सरकतो. त्यामुळे दिशा पक्की असली तर शोधायचा पट्टा अरुंद होतो आणि चार जणांना चारीकडे भटकावे लागत नाही.

पायात गमबूट हवेत. सराव स्पोर्ट्‌स शूजमध्ये होत असला तरी गवतात जाणाऱ्यासाठी एक-दोन जोड मैदानावर कायम ठेवा. बहुतेक दंश पायावर, घोट्याच्या आसपास होतात. हातात लांब काठी किंवा दाताळे घ्या. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीची थरथर त्याला कळते. म्हणून काठी आपटत, पाय जोरात टाकत चला, थांबा, पुन्हा चला. नागाला निघून जायला वेळ मिळतो. घोणस हलणार नाही, पण निदान फूत्कारेल.

गवत हाताने बाजूला करू नका, दाताळ्याने करा. बाण दिसला तरी लगेच वाकू नका, आधी काठीने त्याच्या आजूबाजूचे गवत हलवा आणि मग दाताळ्याने बाण मोकळ्या जागेत ओढून घ्या. बाणाचे टोक पोलादी असते, त्यामुळे साधा मेटल डिटेक्टरही कामाला येतो.

सूर्य मावळला की शोध बंद. मोबाइलच्या टॉर्चवर शोधायचे नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चांगले वर आल्यावर या. आणि प्रशिक्षकांना विनंती: हरवलेल्या बाणावरून मुलाला सगळ्यांसमोर बोलू नका. बोलण्याच्या भीतीनेच ते अंधारात परत गवतात जाते.

५. साप दिसला

जागीच थांबा. साप कुठे आहे हे नजरेने पक्के करा आणि ज्या वाटेने आलात त्याच वाटेने, त्याच्याकडे पाठ न करता, हळूहळू मागे या. साप अंगाच्या साधारण एक तृतीयांश ते अर्ध्या लांबीपर्यंत झेप घेतो, त्यामुळे दोन-तीन मीटर अंतर पडले की तुम्ही त्याच्या टप्प्याबाहेर असता. मोठ्याने ‘साप’ म्हणून सांगा आणि सगळ्यांचा सराव थांबवा.

त्याच्यावर बाण किंवा गोळी चालवू नका. दगडाळ जमिनीवर ती कुठे उसळून जाईल याचा भरवसा नसतो आणि लाइनबाहेर मारलेला एकही नेम सुरक्षित नसतो. जखमी साप जास्त धोकादायक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिले आहे, हेही लक्षात असू द्या. साप वाटेने जाणारा असेल तर थोड्या वेळात आपोआप निघून जातो. बट्रेसखाली किंवा सामानाच्या खोलीत शिरला असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा परिसरातल्या अनुभवी सर्पमित्राला बोलवा. तो येईपर्यंत एकानेच लांबून लक्ष ठेवावे, बाकीच्यांनी गर्दी करू नये. फोटोसाठी पुढे सरकणे तर मुळीच नको.

६. रायफल आणि शिबिर

एनसीसीच्या फायरिंगला कॅडेट २५ मीटरवरून जमिनीवर पालथे झोपून टू-टू (.२२ बोअरची) रायफल चालवतात. त्या स्थितीत चेहरा आणि हात गवताच्या पातळीला असतात. फायरिंग पॉइंटवरची जागा, सतरंजी आणि वाळूच्या पिशव्या प्रत्येक तुकडीपूर्वी उचलून, झटकून बघा. वाळूच्या पिशव्यांच्या फटी फुरशाला आवडतात.

झोपलेल्या स्थितीत साप दिसला तर उसळून उठू नका. बोट ट्रिगरवरून काढा, नळी बटाच्या (लक्ष्यामागच्या मातीच्या बांधाच्या) दिशेलाच ठेवा, ओरडून फायरिंग थांबवायला सांगा आणि रायफल तिथेच सोडून मागे सरका. भरलेली रायफल घेऊन घाबरून वळलेला मुलगा सापापेक्षा अधिक धोकादायक ठरू शकतो.

तंबूत मुक्काम असेल तर जमिनीवर नुसते अंथरूण टाकून झोपवू नका. खाट हवी. ती नसेल तर मच्छरदाणी आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या. मण्यार झोपेत चावते, फारसे दुखत नाही आणि खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ, उलटी, जड झालेल्या पापण्या, गिळताना त्रास अशी तक्रार कोणी केली तर अपचन समजून ओवा देऊ नका. सरळ रुग्णालयात न्या. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा.

७. साप चावलाच तर

घड्याळ बघा आणि वेळ लक्षात ठेवा. जखमीला बसवा किंवा आडवे करा, धावू किंवा चालू देऊ नका. हाताला चावले असेल तर आर्मगार्ड (हाताला बांधायचा पट्टा), फिंगर टॅब (बोटांवरचे कातडी आवरण), अंगठी, घड्याळ, कडे लगेच काढा. पायाला असेल तर बूट आणि पैंजण काढा. सूज चढली की हेच फास बनतात. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला बांधतो तसा फळी किंवा जाड पुठ्ठा लावून सैलसर कापडाने स्थिर करा. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर वळवा.

दोरी करकचून बांधणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ लावणे, जडीबुटी, मांत्रिक: यातले काहीही नको. घट्ट बांधलेल्या दोरीने विष थांबत नाही, बोट किंवा पाय मात्र कापावा लागू शकतो. आधीच कोणी घट्ट दोरी बांधली असेल तर ती वाटेत झटक्यात सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नका. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठायचे थांबते आणि या गोळ्या त्यात भर घालतात.

साप मारून नेण्यात वेळ घालवू नका. तुटलेले डोकेही चावू शकते. उपचार लक्षणांवरून ठरतात आणि आपल्याकडचे प्रतिविष या चारही सापांवर चालते.

१०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर गाडीने निघा. मोटारसायकलच असेल तर जखमीला चालवणारा आणि मागचा यांच्या मध्ये बसवा. जवळच्या कोणत्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात प्रतिविष आणि व्हेंटिलेटर आहे, हे सराव सुरू करण्याआधीच चौकशी करून मैदानावरच्या फळ्यावर लिहून ठेवा. ऐन वेळी तीन दवाखाने फिरण्यात जाणारा तास परत मिळत नाही.

रुग्णालयात घोणस-फुरशाची शंका असेल तर रक्त काचेच्या स्वच्छ नळीत २० मिनिटे ठेवून गोठते का ते बघतात. प्रतिविष सहसा ८ ते १० बाटल्यांपासून सुरू होते. इथे पालक हमखास विचारतात, एवढ्या लहान मुलाला एवढे कशाला? सापाने मूल बघून विष कमी सोडलेले नसते. म्हणून डोस मोठ्यांइतकाच असतो आणि डॉक्टरांशी त्यावर वाद घालू नका. लक्षणे नसली तरी किमान २४ तास देखरेखीखाली ठेवतात. ‘काही झालं नाही, घरी नेतो’ म्हणू नका.

घरी आल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी झाली तर ती प्रतिविषाची उशिरा उठणारी प्रतिक्रिया असू शकते, डॉक्टरांना दाखवा. घोणशीच्या दंशानंतर लघवी कमी होते का याकडेही लक्ष ठेवा, कारण ते विष मूत्रपिंडावर जाते. हाताला दंश झाला असेल तर सूज पूर्ण उतरून बोटांत ताकद येईपर्यंत धनुष्य ओढायला लावू नका, स्पर्धा कितीही जवळ आलेली असो.